कपाट विकायचंय, गिऱ्हाईक म्हणतोय आधी क्यूआर स्कॅन करा. काय करू?

कन्नमवारची_लेक | शनिवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलंय त्याबद्दल आधीच सॉरी.

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, विक्रोळी ईस्ट, कन्नमवार नगर. महिनाअखेरीला बिल्डरला चावी द्यायचीय आणि भाड्याने मिळालीय ती भांडुपला वन आरके, त्यामुळे निम्मं सामान तिकडे मावणारच नाही. तीन वस्तू काढायच्यात. एक बाबांनी घेतलेलं गोदरेजचं तिजोरीवालं कपाट, आरसा शाबूत, एक चावी हरवलीय पण दुसरी आहे. दुसरं सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन, सात वर्षं वापरलंय, ड्रायर फिरताना विमान उतरल्यासारखा आवाज करतो. आणि तिसरं आईचं उषाचं पायमशीन.

काल संध्याकाळी ऑनलाईन जाहिरात टाकली. कपाट ९०००, वॉशिंग मशीन ३५००, पायमशीन ४०००. रात्रीपर्यंत पन्नासेक मेसेज आले असतील, सगळे "अवेलेबल आहे का" नाहीतर "लास्ट किती", आणि उत्तर दिलं की माणूस गायब. आज दुपारी मात्र एकाचा फोन आला, हिंदीत बोलत होता, एकदम अदबीने, मॅडम मॅडम करत. म्हणाला आर्मीत आहे, कुलाब्याला पोस्टिंग झालंय, फॅमिली येतेय, फोटो बघितला, कपाट पसंत आहे, ९००० फायनल. ड्युटीमुळे बघायला येता येणार नाही, उद्या ट्रक येऊन घेऊन जाईल, पैसे मात्र आत्ताच देतो. मी काही मागितलं नव्हतं तरी युनिफॉर्मातला फोटो आणि आयकार्ड पाठवलं.

मग त्याने एक क्यूआर कोड पाठवला आणि म्हणे हा तुमच्या ॲपमधून स्कॅन करा, पिन टाका की पैसे तुमच्या खात्यात येतील, आधी हवं तर ५ रुपयांनी ट्राय करू. मला कसंतरीच वाटलं म्हणून गॅसवर दूध आहे सांगून फोन ठेवला. मिस्टर म्हणतात, अगं ५ रुपयेच तर आहेत, बघ करून, आणि आर्मीवाला कशाला फसवेल. कोणी केलंय का असं? खरंच असे पैसे येतात का?

आणि अजून एक. मुलगी बारावी झाली, कॉलेजला लॅपटॉप लागणार, बजेट २०,००० च्या आत, त्यामुळे जुनाच बघतोय. काय बघून घ्यायचा?

---

पाच_रुपयाचा_धडा | शनिवार, रात्री ११.५८

ताई थांबा. स्कॅन करू नका. मिस्टरांना हा रिप्लाय वाचून दाखवा.

मी ठाण्याचा, वय ५१, नोकरी अकाउंट्समध्ये, हो, अकाउंट्समध्येच, हसा. मागच्या वर्षी मुलाची व्यायामाची सायकल विकायला काढली ४५०० ला. सेम टू सेम फोन, सेम मॅडम-सर, फक्त माझा आर्मीवाला पुण्याहून बदलून आलेला. ५ रुपयांचा क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला, ५ गेले आणि लगेच १० आले. ते दहा रुपये म्हणजे गळाला लावलेलं पीठ हो, पण तेव्हा वाटलं की चालतंय की. मग ४५०० चा कोड पाठवला. पिन टाकला, ४५०० गेले. मी ओरडलो तर तो माझ्यापेक्षा जास्त घाबरल्यासारखा, सर उलटं झालं वाटतं, हेडक्वार्टरच्या खात्याचं असं होतं, रिव्हर्सचा कोड पाठवतो. परत ४५०० गेले. मग म्हणे आता दोन्ही मिळून ९००० चा एकच कोड पाठवतो. आणि मी तोही स्कॅन केला. १८,००० गेले आणि तिन्ही वेळा पिन मीच टाकला, माझ्याच बोटांनी. त्या वेळी डोक्यात एकच असतं, आधीचे पैसे सोडवायचे, आणि फोन तो ठेवूच देत नाही, सतत बोलत राहतो, विचार करायला दोन मिनिटं मिळत नाहीत. तुमच्या दुधाने वाचवलं तुम्हाला.

आता समजून घ्या म्हणजे मिस्टरांनाही पटेल. क्यूआर म्हणजे नुसता पत्ता, पैसे कुणाकडे पाठवायचे त्याचा, वाण्याच्या काउंटरवर लावलेला असतो तसाच, कधीकधी आकडा पण आत भरलेला असतो. वाण्याचा कोड स्कॅन केल्यावर वाणी तुम्हाला पैसे देतो का? आणि पिन हा आपल्या खात्यातून पैसे काढायला नाहीतर बॅलन्स बघायला लागतो, पैसे येताना काहीच करावं लागत नाही, नुसतं टिंग वाजतं. आधी ही मंडळी कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे ॲपवर पैशांची मागणी, पाठवायची, ती यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसामाणसातल्या व्यवहाराला बंद केली, त्यामुळे आता सगळा जोर क्यूआरवर.

आणि कोणी फसलंच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावा. मी दोन तास बायकोला कसं सांगू या विचारात घालवले. शेवटचे ९००० पुढच्या खात्यात पडून होते ते गोठवले आणि बऱ्याच हेलपाट्यांनंतर मिळाले, बाकीचे तोवर एटीएममधून निघाले होते. तक्रार १९३० वर नोंदवली तरी पोर्टलवर सगळे डिटेल भरावे लागतात, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन, तेव्हा व्यवहाराचा नंबर आणि चॅट डिलीट करू नका.

---

लालबागचा_टेंपो | रविवार, सकाळी ७.१०

वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय, मी फक्त माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. अकरा वर्षं छोटा हत्ती चालवतोय, निम्मी भाडी अशीच, कोणीतरी ऑनलाईन घेतलेलं सामान इकडून तिकडे. ताई, ज्या माणसाने ९००० ऐकून ९००० च म्हटलं ना, तिथेच समजायचं. कपाट घेणारा माणूस येतो, आधी पत्रा वाजवून बघतो, खाली वाकून पाय गंजलेत का बघतो, दार तीनदा उघडबंद करतो, मग तोंड वाकडं करून म्हणतो "जुनं आहे हो", आणि मग तीन हजारावर सुरू होतो. आपल्याला राग येतो पण खरं गिऱ्हाईक तेच. ज्याला घ्यायचंच नाही तो कशाला घासाघीस करेल.

आता भावाचं. तुम्ही किती मजल्यावर आहात ते लिहिलंच नाही, आणि मुंबईत जुन्या सामानाचा भाव जिन्यावर ठरतो. तुमच्याकडच्या जुन्या बिल्डिंगींना लिफ्ट नाही, बरोबर? साडेसहा फुटी कपाट त्या वळणावर उभं वळत नाही, आडवं धरून कठड्यावरून काढावं लागतं, तीन माणसं पाहिजेत. तीन माणसांची मजुरी, वर टेंपो, आणि घेणाऱ्याच्या घरी पण वर चढवायचं असतं. म्हणजे तुमचं ९००० चं कपाट त्याला घरात लागेपर्यंत बारा-तेरा हजारांना पडतं, मग तो नवीनच नाही का घेणार? म्हणून कपाटाचे ५००० म्हणा, जाहिरातीत ६५०० टाका म्हणजे त्याला दीड हजार कमी केल्याचं समाधान.

आणि जाहिरातीत हे लिहाच: मजला, लिफ्ट आहे की नाही, उंची-रुंदी-खोली इंचात, आणि दाराची रुंदी. एकदा मुलुंडला माणूस कपाट घेऊन गेला आणि त्याच्या बेडरूमच्या दारातून जाईना, रात्री साडेदहाला परत आणलं, भाडं कोणी द्यायचं यावर दोघांची जुंपली, मी मधे उभा.

सोसायटीचा गेटपास आधी काढून ठेवा, बिल्डिंग रिकामी होत असताना वॉचमन जास्तच कडक होतात. आणि आरसा चादरीत नाही, गादीत गुंडाळायचा.

---

व्यवहारी_माणूस | रविवार, सकाळी ९.२५

एवढा खटाटोप कशाला म्हणतो मी. भंगारवाल्याला बोलवा, तिन्ही वस्तू एका फेरीत जातील. जुन्या वस्तूत जीव अडकवून ठेवला की माणूस महिना घालवतो, शेवटी देतो भंगारातच. महिनाअखेर जवळ आली की तुम्हाला मागेल त्या भावात द्यावं लागणार आहे हे प्रत्येक गिऱ्हाईक ओळखून असतं.

---

कन्नमवारची_लेक | रविवार, सकाळी १०.०५

दादा तुमचं खरं असेल पण आईच्या मशीनवर आमच्या तिघा भावंडांची शाळेची फी निघालीय, ते काट्यावर मोजून नाही देणार. बाकी सगळ्यांचे आभार, मिस्टरांना वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, पेपर वाचतायत, म्हणजे पटलंय. टेंपोवाले दादा, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आर्मीवाल्याचे काल रात्रीपासून सात मिसकॉल. ब्लॉक करू का?

---

सुईदोरा | रविवार, दुपारी १.३०

लेकी, पायमशीनबद्दल मी सांगते, डोंबिवलीत पंचवीस वर्षं ब्लाउज शिवतेय. तुला दोन प्रकारची माणसं फोन करतील. एक म्हणेल फक्त खालचं स्टँड द्या, वरचं मशीन तुम्हीच ठेवा. हे कॅफेवाले नाहीतर त्यांचे दलाल, त्या बिडाच्या नक्षीदार पायांवर संगमरवर टाकून टेबल करतात आणि चांगल्या भावाला विकतात. वाईट काही नाही त्यात पण मग वरचं डोकं तुझ्याकडे लोंबकळत राहतं. स्टँड एकट्याचंच मागत असेल तर पूर्ण मशीनचे पैसे सांग, डोकं पाहिजे तर फेक म्हणावं.

दुसरी येईल ती खरी शिवणारी. ती मशीनचा रंग बघणारच नाही, ती चाक हाताने फिरवेल, सुई किती हलते बघेल, शटल काढेल, बॉबिन केस बघेल आणि सोबत आणलेला कपडा दुहेरी, चौपदरी करून टाका घालून बघेल, खालून धाग्याची गुंतवळ होते का ते. म्हणून आधीच तेल घालून ठेव, नवा पट्टा टाक, चामड्याचा पट्टा सैल असला की चांगलं मशीन पण मेलेलं वाटतं, शंभराच्या आतलं काम आहे. जाहिरातीत चालू मशीनचा व्हिडिओ टाक, वीस सेकंदांचा पुरे. पट्टा आणि डोकं काढून दिलंस तर बाई लोकलच्या लगेजच्या डब्यातून पण नेते, मी माझं पहिलं मशीन तसंच आणलं होतं घाटकोपरवरून, दुपारच्या गाडीला.

आणि एक, तू घरी एकटी असताना कोणाला वर बोलवू नकोस. वॉशिंग मशीन आणि पायमशीन खाली पॅसेजमध्ये आणून दाखव, कपाट तेवढं वर येऊन बघावं लागेल तेव्हा शेजारणीला बसवून ठेव चहाला. जाहिरातीत घर नंबर लिहू नकोस, नुसतं कन्नमवार नगर पुरे. फोटोत मागे काय काय दिसतंय ते पण बघ, आमच्या भाचीने फ्रिजचा फोटो टाकला त्यात दारावरची नावाची पाटी, वीजबिल, सगळं आलेलं.

---

ग्रँटरोड_रिपेअर | रविवार, रात्री ९.१५

लॅपटॉपचं मी बोलतो, रोजचं काम आहे माझं लॅमिंग्टन रोडला. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे पण तसं विचारलंत तर रिक्षावाला, म्हणजे टॅक्सीवाला, तुम्हाला भलतीकडे नेईल.)

वीस हजारात कॉलेजसाठी घरगुती वापरातला चकचकीत लॅपटॉप शोधू नका, ऑफिसमधून लीज संपून निघालेला डेल लॅटिट्यूड किंवा लेनोव्होचा थिंकपॅड बघा. दिसायला काळा ठोकळा पण कीबोर्ड, बिजागऱ्या दणकट आणि पार्ट मिळतात. पहिली गोष्ट प्रोसेसरची जनरेशन. नुसतं "आय फाइव्ह आहे" याला काही अर्थ नाही. पुढचा आकडा बघा, ७२०० असेल तर सातवी, ८२५० असेल तर आठवी, ११३५ असेल तर अकरावी. आठवीच्या खाली सरसकट विंडोज ११ अधिकृत चालत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून तर सहावी-सातवीवाल्यांचे ढीग बाजारात आलेत आणि जाहिराती "एकदम स्वस्त, अर्जंट सेल". रॅम ८ जीबी, एसएसडी पाहिजेच, हार्ड डिस्कवाला फुकट मिळाला तरच.

दुसरी गोष्ट लोकांना माहीतच नसते. मशीन कंपनीचीच असू शकते, म्हणजे कोणीतरी नोकरी सोडताना परत न केलेली. दोन गोष्टी समोर करून बघायच्या. रीस्टार्ट करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, जा, डेलला एफ २, थिंकपॅडला एफ १. पासवर्ड मागितला आणि विकणाऱ्याला माहीत नाही म्हणाला तर नमस्कार करून निघायचं. आणि विंडोज रिसेट करून मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडायचं. कंपनीने नोंदवून ठेवलेली मशीन असेल तर इंटरनेट मिळाल्याबरोबर "अमुक कंपनीत स्वागत, ऑफिसच्या आयडीने लॉगिन करा" येतं. इंटरनेट न लावता सेटअप केला तर ते कळत नाही, आणि विकणारे नेमकं तेच करून आणतात. याला अर्धा तास लागतो, म्हणून स्टेशनवर भेटून लॅपटॉप घ्यायचा नाही. दादरच्या ब्रिजवर "माझी फास्ट आली, पटकन बोला" म्हणणाऱ्याकडून तर अजिबात नाही. हॉटेलात बसा, चहा त्याला पाजा, चार्जर लावून बसा. बॅटरी रिपोर्ट काढा, मूळ क्षमता आणि आताची क्षमता दोन्ही आकडे येतात त्यात, निम्म्याच्या खाली असेल तर बॅटरीचे पैसे कापून बोला.

बिल मागायचंच. नसेल तर निदान विकणाऱ्याच्या आयडीची कॉपी आणि सीरियल नंबर लिहून दोन ओळींची पावती, सहीसकट. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं वाटायला जागा असून घेतला तर घेणाराही अडकतो, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७. आठ हजारात नवा कोरा लॅपटॉप मिळत असेल तर "वाटायला जागा" आहेच की. मोबाईल घेणार असाल तर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर, काढा आणि केवायएम, स्पेस, तो नंबर असा मेसेज १४४२२ वर पाठवा, ब्लॉक केलेला असेल तर तिथल्या तिथे कळतं.

---

व्यवहारी_माणूस | रविवार, रात्री १०.४०

ते ग्रँट रोडवाले, अर्धा तास चहा पाजून लॅपटॉप तपासू देणारा विकणारा तुम्हाला कुठे भेटतो तेवढं सांगा. आमच्या नशिबी "घ्यायचंय तर घ्या, लाईनीत चार जण आहेत".

---

ग्रँटरोड_रिपेअर | रविवार, रात्री १०.५२

त्या चार जणांना घेऊ द्या. सोमवारी ते माझ्याकडेच येतात.

---

पाच_रुपयाचा_धडा | सोमवार, सकाळी ८.२०

ताई, ब्लॉक करण्याआधी त्या नंबरचा, क्यूआरचा, आयकार्डचा स्क्रीनशॉट घ्या आणि जाहिरातीच्या साईटवर रिपोर्ट करा. ते आयकार्ड बहुतेक कुठल्यातरी खऱ्या जवानाचं उचललेलं असतं, त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो.

अजून दोन प्रकार सांगून ठेवतो, कारण क्यूआर नाही चालला की हे येतात. एक, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवतात आणि सामान उचलायला लागतात. स्क्रीनशॉटवर विश्वास नाही, आपलं बँकेचं ॲप उघडून बॅलन्स बघायचा, मगच टेंपोत चढू द्यायचं. दुसरा, तुम्हाला बँकेसारखाच दिसणारा एसएमएस येतो की ५०००० जमा झाले, आणि मागोमाग फोन, मॅडम ५००० च्या जागी चुकून एक शून्य जास्त पडलं, ४५००० परत पाठवा ना, हॉस्पिटलचे पैसे आहेत. आलेले काहीच नसतात. एसएमएस कुठल्या नंबरवरून आलाय ते बघा, बँकेचा मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाही.

---

कन्नमवारची_लेक | पुढचा रविवार, रात्री १०.१५

मंडळी, कळवायचं राहिलं होतं, पॅकिंगमध्ये हात रिकामा नाही.

टेंपोवाले दादा, तुम्ही सांगितलं तशी जाहिरात बदलली, तिसरा मजला, लिफ्ट नाही, सगळी मापं इंचात. मेसेज एकदम कमी झाले, पण जे आले ते कामाचे आले. कळव्याचं नवीन लग्न झालेलं जोडपं आलं, सोबत मुलाचे वडील. त्यांनी पत्रा वाजवला! मला हसू आवरेना. चाळीस मिनिटं चाललं, हरवलेल्या चावीचे दोनशे कापले, मी वैतागून नको म्हणाले, ते जिना उतरून खाली गेले, परत वर आले, आणि शेवटी ५२०० ला गेलं. पैसे खात्यात दिसल्यावर मगच कपाट हललं, आणि हो, आरसा गादीत.

पायमशीनसाठी तीन स्टँडवाले आले, एक तर ५००० द्यायला तयार होता. पण घाटकोपरची एक मुलगी आली, शिवणक्लास नुकताच केलेला, काकूंनी लिहिलं तसाच चौपदरी कपडा पिशवीतून काढला. तिला ३००० ला दिलं. मिस्टर दोन दिवस दोन हजारांचा हिशोब सांगत होते. नवा पट्टा ८० रुपये.

वॉशिंग मशीनचं व्यवहारी दादा जिंकले. एकाने येऊन ड्रायर ऐकला आणि न बोलता निघून गेला. काल भंगारवाल्याने ७०० दिले.

लॅपटॉपला पुढच्या शनिवारी मुलगी आणि मी ग्रँट रोडला जातोय, हॉटस्पॉटचं तिला पाठ झालंय.

आणि तो आर्मीवाला. ब्लॉक केला तर परवा दुसऱ्या नंबरवरून मेसेज. मी म्हटलं कपाट गेलं. तर म्हणतो काही हरकत नाही मॅडम, मग वॉशिंग मशीन घेतो, ३५०० फायनल, कोड पाठवू?